पुण्यातील हौद आणि पाण्याचा अधिकार : एका विस्मृत इतिहासाचा मागोवा

शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंत भुयार असल्याची आख्यायिका पुणे शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मार्च २०१९ मध्ये स्वारगेट येथे मेट्रोच्या खोदकामात जमिनीखाली बांधीव बोगदा आढळला, तेव्हा या आख्यायिकेला पुन्हा उधाण आले. वस्तुतः तो जुन्या पाणीपुरवठ्याचा मार्ग होता. शत्रूला चकवण्यासाठी बांधलेल्या भुयाराची कथा लोकमानसाला अधिक रुचते. पाणी वाहून नेणाऱ्या नळाला तसे आकर्षण नसते. परंतु पुण्याच्या सामाजिक इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा या नळांशी आणि ते ज्या हौदांत रिते होत, त्या हौदांशी जोडलेला आहे. प्रस्तुत लेखात त्या धाग्याचा विचार केला आहे.

पेशव्यांची राजधानी होण्यापूर्वीचे पुणे मुठा नदी, नागझरी, आंबिल ओढा आणि विहिरी यांच्या पाण्यावर जगत होते. शनिवारवाड्याची उभारणी १७३० मध्ये सुरू झाली. त्यानंतर सरदार, कारकून, सावकार, कारागीर यांची वस्ती वेगाने वाढत गेली, नव्या पेठा वसल्या आणि हे पाणी अपुरे पडू लागले. नानासाहेब पेशवे यांच्या कारकिर्दीत आंबिल ओढ्याचा प्रवाह वळवण्यात आला, पर्वतीच्या पायथ्याशी तलाव बांधण्यात आला, आणि १७५० च्या सुमारास कात्रज येथे तलाव बांधून तेथून शहरापर्यंत दगडचुन्याचा भूमिगत नळ आणण्यात आला. माणसाला आत उतरून चालता येईल इतकी त्याची उंची होती. पाणी केवळ जमिनीच्या नैसर्गिक उताराने वाहत असे. ठरावीक अंतरावर उभ्या विहिरीसारखे ‘उच्छ्वास’ बांधलेले होते. त्यांमुळे नळात हवा खेळत राही, गाळ खाली बसे आणि साफसफाईसाठी आत उतरता येई. ‘उच्छ्वास’ हा शब्दच त्या बांधकामामागील समज व्यक्त करतो. ज्याला श्वास घेऊ द्यावा लागतो, अशी ही वास्तू होती.

पुढे १७९० च्या सुमारास नाना फडणवीस यांनी आंबेगाव-नऱ्हे परिसरातून स्वतंत्र नळ आणला. सदाशिव पेठेतील हौद त्या नळावरचा होय. रास्ते घराण्यानेही आपला नळ बांधला. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये या नळांच्या नोंदी आहेत. काळा हौद, बदामी हौद, नाना वाड्यातील हौद ही नावे सर्वपरिचित आहेत. शनिवारवाड्यातील कारंजी याच पाण्यावर उडत. धनिकांच्या वाड्यांतून खासगी हौद होते, तर पेठांमधून सार्वजनिक. येथवरचा इतिहास स्थानिक लेखनात वारंवार येतो आणि तो बहुधा स्थापत्याच्या गौरवापाशी येऊन थांबतो. गौरव यथार्थच आहे. मात्र ‘सार्वजनिक’ या शब्दापाशी अभ्यासकाने थबकावयास हवे.

पेशवाईतील सार्वजनिक हौद सर्व जनांचा नव्हता. स्पर्शास्पर्शाचे नियम हौदाच्या काठावर जितक्या कठोरपणे पाळले जात, तितके क्वचितच अन्यत्र पाळले जात असतील. धान्य घरी आणून शिजवता येते, वस्त्र धुऊन घेता येते. साठवलेले पाणी मात्र एका घागरीच्या स्पर्शाने सर्वांसाठी ‘बाटते’, अशी धारणा होती. त्यामुळे गावकुसाबाहेरील जातींना हौदापासून दूर राहावे लागे आणि कुणी वरून ओंजळीत पाणी घालील त्याची वाट पाहावी लागे. इंग्रजी अमलात राज्यकर्ते बदलले, १८५७ मध्ये नगरपालिका स्थापन झाली, तरी हौदाच्या काठावरील हा व्यवहार बदलला नाही.

या पार्श्वभूमीवर १८६८ या वर्षाचे महत्त्व ध्यानी येते. त्या वर्षी महात्मा जोतीराव फुले यांनी गंज पेठेतील आपल्या राहत्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ही घटना चरित्रग्रंथांत येते, परंतु तेथे ती समाजसुधारकाच्या औदार्याचे उदाहरण म्हणून येते. शहराच्या पाण्याच्या इतिहासात तिला स्थान दिले जात नाही. वास्तविक नळ बांधणाऱ्यांनी जो प्रश्न विचारलाच नव्हता, तो या कृतीने विचारला. शहरात पाणी किती आले यापेक्षा ते कुणापर्यंत पोहोचले, हा तो प्रश्न. येथे आणखी एक संदर्भ लक्षात घ्यावा लागतो. फुले हे व्यवसायाने ठेकेदारही होते. १८७० च्या दशकात मुळा-मुठेवरील धरणाच्या बांधकामासाठी त्यांनी साहित्य पुरवले होते, आणि १८७६ ते १८८३ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. दगड, चुना, मजुरी आणि पाणीवाटप यांचे व्यावहारिक ज्ञान असणाऱ्या माणसाने घरचा हौद खुला केला होता. त्या कृतीकडे केवळ भावनिक दृष्टीने पाहणे अपुरे ठरते.

याच शहरात, आपल्या नावातच हौद वागवणाऱ्या एका ठिकाणी, बावीस वर्षांनी दुसरा प्रसंग घडला. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील सभेनंतर उपस्थितांना चहा देण्यात आला. उपस्थितांमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले ही मंडळी होती. गोपाळराव जोशी यांनी नावे प्रसिद्ध करविली आणि मोठे ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. टिळकांनी ते काशीस घेतल्याचे सांगितले. मराठी वाचकाला हे प्रकरण तपशिलांसह ठाऊक असते आणि बहुधा गमतीने सांगितले जाते. गंज पेठेतील हौदावर पहिल्या दिवशी पाणी भरावयास कोण आले, हे मात्र कुणी लिहून ठेवले नाही. ग्रामण्यात सापडलेल्यांपाशी वृत्तपत्रे होती. घागरी घेऊन आलेल्यांपाशी नव्हती. विस्मृती ही अशी विषम वाटली जाते. १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहापर्यंत मराठी मुलखातील पाण्याच्या प्रश्नाला राजकीय उच्चार मिळाला नव्हता, असे मानण्याची प्रवृत्तीही काही अंशी या विषमतेतून आली असावी.

खडकवासला धरणाचे काम १८६९ मध्ये सुरू होऊन पुढील दशकात पूर्ण झाले. नळाचे पाणी हळूहळू घरोघरी आले. त्यामुळे हौदांचे महत्त्व ओसरले आणि सामायिक काठावरील प्रतीक्षाही कमी झाली. लोखंडी तोटीने जे साधले, त्याचे श्रेय विचारपरिवर्तनाला देताना सावधगिरी बाळगणे बरे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, खडकवासल्याचेही धरण वाहून गेले आणि शहराचा नळपुरवठा खंडित झाला, तेव्हा पुणेकरांना जुन्या विहिरी व हौदांची पुन्हा आठवण झाली.

त्यानंतर अनेक उच्छ्वास रस्त्यांखाली आणि इमारतींच्या पायांत गेले. कित्येक हौद आज केवळ चौकांच्या आणि पत्त्यांच्या नावांत उरले आहेत. गंज पेठेचे नाव महात्मा फुले पेठ झाले असून फुले वाडा संरक्षित स्मारक आहे. कात्रजच्या नळाचा मार्ग नकाशावर रेखताना या वाड्याच्या आवाराची खूण करावी, असे अद्याप फारसे कुणाला वाटलेले दिसत नाही.