तांबड्या कॅनरीची मिरास

1709 साली पॅरिसात एर्व्ह्यू द शांतलू या गृहस्थाने कॅनरी पक्ष्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कोंदेच्या प्रिन्सेसच्या पदरी हे गृहस्थ कॅनऱ्यांचे दरोगा होते, आणि एखाद्या कसबी कारकुनाने गावच्या जमिनीची प्रतवारी लावावी तशी त्यांनी साध्या करड्या पाखरापासून आरंभ करून अठ्ठावीस-एकोणतीस जातींची चढती यादी लावून दिली. पंधराव्या शतकात स्पेनने कॅनरी बेटे जिंकल्यानंतर युरोपात आलेले मूळचे पाखरू हिरवट, पाठीवर काळपट रेघा असलेले, चारचौघांत उठून न दिसणारे होते. त्याच्या पिसांत दोन द्रव्ये असतात. काळे-तपकिरी द्रव्य देह स्वतः घडवतो, तर पिवळ्याचा कच्चा माल अन्नातून येतो. या दोहोंच्या मिश्रणाने रंग डोळ्यांना हिरवा भासतो. एखाद्या पिलाच्या अंगावर जेथे काळ्याचा लोप होई तेथे पिवळा ठिपका उघडा पडे, आणि अशी ठिपकेवाली जोडपी पिढ्यान्‌पिढ्या निवडून लावता लावता अखेरीस ते सर्वांगी सोनेरी पाखरू निघाले, जे आज आपण मूळचेच तसे असावे अशा समजुतीने पाहतो.

हे सारे वारशाचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचे नावही कानी नसलेल्या लोकांनी केले. त्यांच्या निरीक्षणाची कमाल पाहावयाची तर दालचिनी रंगाच्या जातीकडे पाहावे, कारण या जातीत काळ्या द्रव्याच्या जागी तपकिरीच उरते. दालचिनी नर हिरव्या मादीला लावला तर घरट्यातल्या मुली तेवढ्या दालचिनी निघतात आणि मुलगे सगळे हिरवे. इतके की अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, पीसही न फुटलेल्या पिलाच्या मिटल्या पापणीआड लालसर डोळा दिसला की ती मादी, हे त्या घरट्यापुरते खुशाल सांगावे. जोडी उलट लावली, म्हणजे मादी दालचिनी व नर शुद्ध हिरवा, तर एकही पिलू दालचिनी होत नाही. मात्र मुलगे तो रंग गुप्त ठेवीप्रमाणे जवळ बाळगतात. पक्ष्यांत मादीपाशी हा रंग ठरविणाऱ्या गुणसूत्राची एकच प्रत असते व ती तिला पित्याकडून मिळते, हा उलगडा पुढे झाला. फ्लॉरेन्स डरहॅम आणि डोरोथिया मॅरियट या दोन विदुषींनी या वारशाचा विचार 1908 मध्ये मांडला. पाळणारे मात्र हा व्यवहार कारण न जाणता कधीचे चालवीत होते.

पिवळा साधला, पांढराही आला, पण तांबडा काही केल्या येईना. ब्रेमेन शहरातील हान्स डुंकर या शाळामास्तराने 1920 च्या दशकात तजवीज केली ती अशी: कॅनरीच्या वंशात तांबड्याची मिरासच नसेल, तर ज्याच्या घरी ती आहे त्याच्याकडून आणावी. व्हेनेझुएलातील तांबडा सिस्किन हा काळ्या डोक्याचा, शेंदरी अंगाचा इवलासा पक्षी त्याने कॅनरीच्या मादीला लावला. कार्ल राइख या पक्षिपालकाचे कसबी हात त्याच्या मदतीला होते. याच राइखने आपल्या कॅनऱ्यांना नाइटिंगेल पक्ष्याची गाणी शिकवली होती. संकरातून तांब्याच्या रंगाची पिले निघाली. त्यांतल्या माद्या वांझ, नर तेवढे काही प्रमाणात फलदायी.

भिन्न जातींच्या संकरात ज्या लिंगापाशी विषम गुणसूत्रे असतात (पक्ष्यांत मादीपाशी) तेच सहसा वांझ निघते, असा नियम जे. बी. एस. हॉल्डेन यांनी 1922 मध्ये सांगितला.  आणि कोळशाच्या खाणीत विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कॅनरी न्यावी, असे सुचविणारे शास्त्रज्ञ त्यांचेच वडील.

संकरातल्या त्या फलदायी नरांना पुन्हा पुन्हा पिवळ्या माद्या लावून डुंकरने मजल मारली ती नारिंगीपर्यंत. त्यापुढे रंग सरकेना. रक्ताच्या हिशेबात सर्व काही सापडेल या हट्टापायी त्याने पाखराच्या ताटलीकडे पाहिलेच नाही, असे मला वाटते. आणि हाच मनुष्य पुढे नाझी राजवटीत माणसांच्या वंशशुद्धीचाही कैवारी झाला, हे वाचून आश्चर्य वाटत नाही. वास्तविक इंग्लंडातील हौशी मंडळींनी 1870 च्या दशकातच पिसे झडून नवी फुटण्याच्या दिवसांत तिखट मिरचीची पूड चारून पिवळ्या पाखरांना नारिंगी झळाळी आणली होती, आणि प्रदर्शनांतून त्यावरून बरेच रणही माजले होते. पीस वाढत असते तेवढ्याच आठवड्यांत त्यात रंग शिरतो, एरवी कितीही चारा. डुंकरच्या पाखरांनाही पुढे गाजरासारखे खाद्य नेमक्या हंगामात मिळू लागले, तेव्हा कोठे तांबडा उमटला.

डुंकरचा वंशावळीचा हिशेब चुकीचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. अन्नातील पिवळ्या द्रव्याचे तांबड्यात रूपांतर करणारे जनुक सिस्किनकडूनच कॅनरीत आले आहे, असे 2016 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. साध्या पिवळ्या कॅनरीला कितीही गाजर घातले तरी ती तांबडी होत नाही, आणि तांबड्या वंशाच्या कॅनरीला ते न घातल्यास पुढच्या झडीनंतर ती फिकी पडते.

आज तांबड्या कॅनऱ्या जगभरच्या पिंजऱ्यांत आहेत. ज्याच्याकडून त्यांना हा रंग मिळाला तो सिस्किन मात्र त्यांच्याच पैदाशीसाठी इतका धरला गेला, की व्हेनेझुएलाच्या रानात तो आता क्वचितच दिसतो.