स्पार्कची वंशावळ

सन कंपनीचं अल्ट्रा ५ हे वर्कस्टेशन १९९८ च्या जानेवारीत बाजारात आलं. अल्ट्रास्पार्क-टू-आय प्रोसेसर, सुरुवातीचा वेग २७० मेगाहर्ट्झ, रॅम जास्तीत जास्त ५१२ मेगाबाइट. या यंत्रावर आजही ओपनबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीची ताजी आवृत्ती बसते, आणि दर सहा महिन्यांनी नवी येते तीही बसते. सन कंपनी मात्र २०१० मध्ये ओरॅकलच्या पोटात गेली. बनवणाऱ्याने हात काढून घेतल्यावर यंत्र कुणाच्या बळावर चालतं, हे शोधायचं तर बर्कलीपर्यंत मागे जावं लागतं. त्या वाटेवर पुणं पुन्हा पुन्हा लागतं.

सनची स्थापना १९८२ ची. चार संस्थापकांपैकी विनोद खोसला जन्माने पुण्याचे. दुसरे बिल जॉय. बर्कली विद्यापीठात युनिक्सला नवं रूप देणारी बीएसडी त्यांच्या हातून घडली होती. सनची सनओएस ही प्रणाली याच बीएसडीवर उभी राहिली. पुढे १९९२ मध्ये सनने एटी अँड टीच्या सिस्टिम फाइव्हची कास धरून सोलारिस आणली आणि बीएसडी मागे सोडली. त्याच वर्षी एटी अँड टीच्या उपकंपनीने बीएसडीवर खटला भरला. १९९४ मध्ये तडजोड झाली आणि बीएसडीचा बहुतेक भाग सर्वांसाठी मोकळा झाला.

दरम्यान, १९९३ मध्ये नेटबीएसडी सुरू झालं होतं. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्रिस टोरेक यांनी सनच्या स्पार्क प्रोसेसरसाठी लिहिलेला कोड घेऊन थिओ डी राट यांनी नेटबीएसडी सनच्या यंत्रांवर चालवलं. १९९४ च्या डिसेंबरात डी राट यांना बाहेर पडावं लागलं आणि १९९५ मध्ये ओपनबीएसडीची वेगळी शाखा निघाली. म्हणजे अल्ट्रावर आज जी प्रणाली चालते ती परकी नाही. सनने सोडलेल्या घराण्याचीच ती थेट वारस आहे, आणि मला या कहाणीतली ही सर्वांत न्याय्य गोष्ट वाटते.

ज्या वर्षी अल्ट्रा ५ आलं, त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकने परम १०००० हा महासंगणक उभा केला. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारल्यानंतर १९८८ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ही संस्था सुरू झाली होती. १९९१ चा परम ८००० ट्रान्सप्युटर नावाच्या चिपांवर चालायचा. परम १०००० साठी मात्र अल्ट्रास्पार्क-टू घेतला गेला. अल्ट्रा ५ मधला प्रोसेसर त्याचाच धाकटा भाऊ.

माझं अल्ट्रा ५ बदलापूरजवळ चामटोलीत आहे, टेबलावर उंच ठेवलेलं. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली, त्या टापूत संगणक जमिनीवर ठेवायची हिंमत होत नाही. पण पाण्याआधी या यंत्राला गाठतं ते बॅटरीचं दुखणं. बोर्डावर एक जाडजूड चिप असते. घड्याळ, यंत्राचा ओळखक्रमांक आणि नेटवर्कचा पत्ता सगळं तिच्या पोटात, आणि बॅटरीही तिथेच, प्लॅस्टिकमध्ये कायमची बंद. दहाएक वर्षांत ती संपते. मग यंत्र सुरू होतं, पण आपण कोण हेच त्याला ठाऊक नसतं. नेटवर्कचा पत्ता नुसता एफ-एफ-एफ.

तेव्हा पडद्यावरच्या ‘ओके’पुढे बसायचं. तिथे फोर्थ भाषा चालते. सोळा खाने एकेक करून भरायचे: आधी ०१, मग अल्ट्रासाठी ८०, मग सनच्या पत्त्याचे ०८, ००, २०, मग त्या यंत्राचे स्वतःचे तीन आकडे, मग मधले उरलेले खाने. शेवटच्या खान्यात आधीच्या पंधरांवरून काढलेला पडताळा. एक आकडा चुकला तरी यंत्र नाकारतं. आणि वीज गेली की सगळं पुसलं जातं. बदलापूरच्या पावसाळ्यात हे वारंवार घडतं. कायमचा उपाय म्हणजे चिपचं प्लॅस्टिक कानशीने घासून आतल्या मेलेल्या बॅटरीची जोडणी तोडायची आणि बाहेरून तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी डाखायची. हात थरथरत असेल तर करू नये.

एवढा खटाटोप कशासाठी? स्पार्क कडक परीक्षक आहे. चार बाइटांचा आकडा चुकीच्या जागेवरून वाचायला गेलं तर इंटेलचा प्रोसेसर सहसा निभावून नेतो; स्पार्क तिथेच प्रोग्रॅम पाडतो. शिवाय आकड्याचे बाइट तो इंटेलच्या उलट क्रमाने ठेवतो. त्यामुळे नव्या कोडमधल्या लपलेल्या चुका या जुन्या यंत्रावर उघड्या पडतात आणि दुरुस्ती सगळ्यांच्या कामी येते. वेग मात्र मागू नये. सुरू होताना ओपनबीएसडी सुरक्षेसाठी लायब्ररींची मांडणी नव्याने करते, त्यात चहा होऊन जातो. आजचे जड ब्राउझर इथे चालवायचा हट्टही धरू नये.

मराठी मात्र चालते. तेव्हाच्या सोलारिससह आलेल्या या यंत्राला देवनागरी येत नव्हती. आता १९८६ मध्ये प्रमाण ठरलेला इनस्क्रिप्ट कळफलक एका आज्ञेत लागतो. रेड हॅटने २००४ मध्ये खुल्या परवान्यावर दिलेला आणि पुढे पुण्यातून सांभाळला गेलेला लोहित फाँट एका फोल्डरात टाकला की अक्षरं उमटतात. हार्फबझ हे सॉफ्टवेअर ती जुळवतं: ‘कर्जत’मधला रफार ‘ज’च्या डोक्यावर नेतं, ‘शेतकऱ्याचा’मधला आडवा र पापणीसारखा वळवतं. हा आडवा र हिंदीला लागत नाही. तो फाँटमध्ये आला तो मराठीची गरज जाणणाऱ्यांमुळे.

पण ही साखळी माणसांवर टिकून आहे. बत्तीस बिटांच्या जुन्या स्पार्कला ओपनबीएसडीने २०१६ मध्ये सोडलं, डेबियन लिनक्सने त्याआधीच. चालती यंत्रं आणि त्यांवर काम करणारे दोन्ही कमी झाले की असंच होतं. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांत आणि प्रयोगशाळांत कुणाच्या अडगळीत सनचं खोकं पडलं असेल, तर भंगारात देण्याआधी ते उघडा. त्या जाड चिपवर बारकोडची चिठ्ठी असते. तिच्यावरची अक्षरं आणि आकडे वहीत उतरवून घ्या. यंत्राचे ते तीन आकडे त्यातूनच मिळतात.