तिघं बघतात तेव्हा

साल १९४८. युद्ध संपून तीन वर्षं झाली, तरी लंडनमध्ये साखर अजून रेशनवर आहे. तुम्ही क्षयरोगाचे डॉक्टर. समोर उजेडाच्या काचेवर एकाच छातीच्या दोन एक्स-रे फिल्म लावल्या आहेत. एक रुग्ण दाखल झाला तेव्हाची, दुसरी सहा महिन्यांनंतरची. डाव्या फुप्फुसात वरच्या बाजूला असलेली पोकळी आक्रसली आहे का? की या खेपेला पोराने श्वास जास्त भरून घेतला होता, एवढंच?

हातातल्या कागदावर लिहायचं आहे: बरीच सुधारणा, थोडी सुधारणा, फरक नाही, थोडा बिघाड की मोठा बिघाड. तुमची पेन्सिल थबकते.

हा रुग्ण स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळालेल्या ५५ जणांतला, की नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ जणांतला, हे तुम्हाला सांगितलेलं नाही. दोन रेडिओलॉजिस्ट याच फिल्म वेगळ्या वाचत आहेत. त्यांचं मतही तुमच्यापासून लांब ठेवलंय. मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या या चाचणीत रुग्णांची वाटणी यादृच्छिक आकड्यांनी, बंद पाकिटांतून झाली, त्याचं कौतुक सगळेच करतात. मला हे न सांगणंही तितकंच मोलाचं वाटतं. रुग्ण ऐन तारुण्यातले, दोन्ही फुप्फुसं पोखरलेली. औषध लागू पडावं असं कोणाला वाटणार नाही? आणि असं वाटणं डोळ्यांत उतरतंच.

आदल्याच वर्षी अमेरिकेतून एक अस्वस्थ करणारा अहवाल आला आहे. छातीच्या तपासणीला फिल्मचा कोणता आकार सर्वांत चांगला, एवढंच बघायचं होतं. १,२५६ माणसं, पाच अनुभवी वाचक. निघालं भलतंच: आकारांमधल्या फरकापेक्षा वाचकांमधला फरक मोठा! तीच फिल्म दुसऱ्यांदा वाचताना एकाच माणसाचं स्वतःशीदेखील जमेना.

लंडनमध्ये तुमचं तिघांचं बऱ्यापैकी जमतं. जिथे जमलं नाही त्या फिल्म शेवटच्या बैठकीत तुम्ही एकत्र पाहता, वाद घालता, आणि तडजोड न करता एकमतावर येता. मग कोणती फिल्म कोणत्या गटातली, हे जुळवलं जातं. बरीच सुधारणा: स्ट्रेप्टोमायसिनवाले २८, दुसऱ्या गटातले फक्त ४.

पण ‘बऱ्यापैकी’ म्हणजे किती? त्यासाठी १९६० सालात या. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन एकमत मोजणारं ‘कप्पा’ नावाचं माप मांडताहेत. समजा, १०० फिल्म आहेत, दोन वाचक आहेत आणि प्रत्येकाने ८० फिल्मना ‘सुधारणा’ म्हटलं. ८० फिल्मवर दोघांचं उत्तर सारखं आलं. तुम्ही खूश होता. कोहेन म्हणतात, थांबा. याच प्रमाणात डोळे मिटून शिक्के मारले असते तर? ०.८ गुणिले ०.८, अधिक ०.२ गुणिले ०.२, म्हणजे ०.६८. तब्बल ६८ फिल्मवर योगायोगानेच जमलं असतं. योगायोगाच्या वर कमावण्याजोगे उरले ३२, कमावले १२. कप्पा ०.३८. तुमच्या ऐंशी टक्क्यांची ही खरी किंमत.

तरी एक अन्याय राहतोच. ‘बरीच’ आणि ‘थोडी’ सुधारणा यांतला मतभेद, आणि ‘बरीच सुधारणा’ विरुद्ध ‘मोठा बिघाड’ हा मतभेद, दोन्हींना हा कप्पा एकाच मापाने मोजतो. रुग्णाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. १९६८ साली कोहेन स्वतःच ते दुरुस्त करतात: मतभेद जितका मोठा, तितकं त्याचं वजन जास्त.