स्वभावाच्या शब्दांची मोजदाद

स्थळाची चौकशी करायला आलेल्या पाहुण्यांना शेजारच्या काकू दारातच सांगतात, "मुलगा तसा चांगला आहे हो, पण जरा आतल्या गाठीचा." झालं, पाहुण्यांना कळायचं ते कळलं. कागद नाही, पेन्सिल नाही, तरी स्वभावचाचणी उरकली. आज कंपन्या उमेदवारांकडून पाच गुणांवरच्या ज्या प्रश्नावल्या भरून घेतात, त्यांचं मूळ प्रयोगशाळेत सापडत नाही. ते अशाच बोलण्यात आहे. मधे फक्त शब्दकोश आला.

१८८४ साली फ्रान्सिस गाल्टननं 'फोर्टनाइटली रिव्ह्यू'मध्ये स्वभावाच्या मोजमापावर एक लेख लिहिला. दिसेल ते मोजत सुटणारा हा इंग्रज गृहस्थ. ('युजेनिक्स' हा पुढे बदनाम झालेला शब्दही त्याचाच, आदल्याच वर्षीचा.) स्वभावासाठी इंग्रजीत शब्द किती, हे पाहायला त्यानं रॉजेटचा समानार्थी शब्दांचा कोश काढला, नमुन्याची पानं चाळली आणि अंदाज बांधला: निदान हजार. प्रत्येकाची छटा वेगळी, तरी बराचसा अर्थ शेजारच्या शब्दाशी सामाईक. या खटाटोपामागचा तर्क नीट मांडला गेला तो बराच पुढे. माणसांना एकमेकांशी वागताना जो फरक महत्त्वाचा वाटतो, त्याला भाषा कधी ना कधी नाव देतेच, असा तो तर्क.

हजाराचा आकडा फारच तोकडा ठरला. हार्वर्डच्या गॉर्डन ऑलपोर्टनं हेन्री ऑडबर्टला हाताशी धरून वेबस्टरचा जाडजूड कोश पालथा घातला. ऑलपोर्टचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. बाविसाव्या वर्षी तो व्हिएन्नात फ्रॉइडला भेटला. बोलायला काही सुचेना म्हणून त्यानं ट्राममध्ये पाहिलेल्या, घाणीला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची गोष्ट सांगितली. फ्रॉइडनं शांतपणे विचारलं, तो मुलगा म्हणजे तूच का? ऑलपोर्टनं त्यातून धडा घेतला की मनाच्या तळाशी बुडी मारण्याआधी वर दिसतंय ते तरी नीट पाहावं. शब्दकोशाइतकं 'वरचं' दुसरं काय असणार?

१९३६ साली यादी छापून आली. शब्द भरले १७,९५३. त्यांचे चार रकाने केले. पहिल्यात टिकाऊ स्वभावगुण, ४,५०४. दुसऱ्यात 'आनंदलेला', 'बावरलेला' यांसारख्या येत्याजात्या मनःस्थिती. तिसरा रकाना सगळ्यांत मोठा, ५,२२६ शब्दांचा, आणि त्यात नुसते शेरे: 'चांगला', 'नालायक' या जातीचे. चौथ्यात उरलंसुरलं. पुढच्यांनी मुख्यतः पहिला रकाना घेतला. शेरे बोलणाऱ्याबद्दल जास्त सांगतात, ज्याच्याबद्दल बोलतो त्याच्याबद्दल कमी, असं त्यांचं म्हणणं. मला ते पुरतं पटत नाही. काकूंची निम्मी विद्या त्या तिसऱ्या रकान्यात आहे.

साडेचार हजार शब्दांवर कुणाला जोखणार? रेमंड कॅटेलनं समानार्थी शब्द एकत्र करत ते १७१ वर आणले, मग ३५ गटांवर. पुढचं काम घटक विश्लेषणाचं. कल्पना साधी आहे: ज्याला लोक 'बडबडा' म्हणतात त्यालाच बहुधा 'मनमोकळा'ही म्हणतात, तर असे बरोबर फिरणारे शब्द एका मोळीत बांधायचे आणि मोळ्या मोजायच्या. त्या काळी ही आकडेमोड हातानंच करावी लागे. कॅटेलच्या अशा बांधणीतून पुढे १९४९ साली सोळा घटकांची चाचणी निघाली.

मोळ्या सोळा नव्हेत, पाचच, हे ठसवलं ते हवाई दलातल्या दोघांनी. टेक्सासच्या लॅकलंड तळावर अर्नेस्ट ट्यूप्स आणि रेमंड क्रिस्टल यांना चांगले अधिकारी आधीच ओळखायचे होते. त्यांनी कॅटेलचेच गुण घेऊन आठ वेगवेगळ्या गटांची आकडेवारी तपासली. दर वेळी त्याच पाच मोळ्या. हा अहवाल १९६१ चा, पण लष्करी अहवाल वाचतो कोण! मानसशास्त्राच्या नियतकालिकात तो छापून आला १९९२ साली, तोवर इतरांनी तेच पाच पुन्हा शोधून काढले होते. मधे १९६८ साली वॉल्टर मिशेलच्या पुस्तकानं स्वभावगुण या कल्पनेवरच घाव घातला: माणूस प्रसंगानुसार वागतो, गुणानुसार नव्हे. त्या धक्क्यातून विषय सावरल्यावर १९८१ च्या सुमारास लुइस गोल्डबर्गनं 'बिग फाइव्ह' हे नाव दिलं. नव्याचं कुतूहल, कामातली शिस्त, माणसांत रमणं, जुळवून घेणं आणि चटकन हलणारं मन. कोस्टा आणि मॅक्रे यांनी त्यावर रचलेल्या सुधारित प्रश्नावलीत २४० विधानं आहेत.

पण कोश बदलला की मोळ्याही हलतात. कोरियन, इटालियन, डच अशा भाषांचे शब्द तपासल्यावर प्रामाणिकपणाची सहावी मोळी पुढे आली. हिंदी शब्दांवरचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात तर सत्त्व, रज, तम यांच्या वळणाचे तीनच घटक निघाले.

मराठीची गोष्ट आणखी वेगळी. 'तुसडा', 'चेंगट', 'भोचक', 'खमका' हे सुटे शब्द आपल्याकडे आहेतच, पण आपण स्वभाव ठेवतो तो बहुतेक अवयवांत. कुणी हलक्या कानाचा, कुणी सढळ हाताचा, कुणी तोंडाचा फटकळ, कुणाच्या जिभेला हाड नाही, कुणी डोक्यात राख घालून घेतो. यांतला एकही सुटा शब्द नाही, म्हणजे ऑलपोर्टच्या चाळणीतून सगळे खाली पडले असते. दाते-कर्व्यांनी 'महाराष्ट्र शब्दकोशा'नंतर वाक्संप्रदायांचा निराळा कोश केला, तो उगीच नाही. मराठी स्वभावशब्दांची यादी करायला कुणी बसणार असेल, तर एकच विनंती: दोन्ही कोश टेबलावर ठेवा आणि काकूंनाही बोलवा.