आजीने नाकारलेला नातू

साताऱ्या-सांगलीकडच्या घरंदाज माणसाला दुखवायचं असेल, तर त्याच्या वंशावळीत एक पुरुष कमी आहे एवढंच म्हणावं. मला हे वरचेवर म्हणावं लागतं. इतिहासाची आवड आहे असं कळलं की लोक फडक्यात गुंडाळलेले कागद घेऊन दारात उभे राहतात.

घोळ बहुधा नावांचा. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. त्यामुळे गोविंद हरी, हरी गोविंद, पुन्हा गोविंद हरी! नक्कल करणाऱ्या कारकुनाची नजर जरा घसरली की दोन पुरुष गडप. सांगलीच्या गादीवर चिंतामणराव दोन : एक १८५१ साली वारले, दुसरे १९०३ साली गादीवर आले. साताऱ्याला शाहूही दोन. त्यातल्या थोरल्यांचं मूळ नाव शिवाजी, आणि ताराबाईंच्या मुलाचंही शिवाजीच. आजोबाच एवढे थोर, नावावर दोघांचाही हक्क!

उपाय त्रैराशिकाइतका साधा. पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरायची. दोनशे वर्षांत चारच पुरुष निघाले तर कोणी गळलंय, पंधरा निघाले तर कोणी घुसलंय. दत्तक मुलगा दोन्ही घरच्या कागदांत सापडतो, त्याला दोन माणसं समजू नये. आणि वंशावळीपेक्षा त्या काळची सनद, निवाडा, पत्र आधी पाहावं. वंशावळ पुष्कळदा वतनाचा तंटा लागल्यावर लिहिलेली असते, आणि तंट्यात पूर्वज सोयीप्रमाणे जन्म घेतात.

पण रामराजांपुढे हे गणित थकतं. थोरल्या शाहूंना मुलगा नव्हता. तेव्हा ताराबाईंनी सांगितलं, माझा नातू पानगावी लपवून वाढवलाय. ताराबाईंचा मुलगा १७२६ साली वारला होता, म्हणजे हिशेबात अडत नाही. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू गेले आणि जानेवारी १७५० मध्ये नातू गादीवर बसला. मात्र पेशव्यांविरुद्ध तो आजीचं ऐकेना. नोव्हेंबरात आजीने त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं आणि जाहीर केलं, हा माझा नातूच नव्हे! १७५२ साली जेजुरीला खंडोबापुढे तशी शपथही घेतली. आता बोला. खुद्द आजीच वंशावळीवर काट मारते, तिथे आपण कोण?

माझ्या मते पहिली साक्ष खरी. दोन्ही वेळा बाईंचा स्वार्थ होताच, पण शपथेत स्वार्थाच्या जोडीला रागही होता. नातू आजीचं ऐकत नाही म्हणून तो परका ठरायचा असेल, तर महाराष्ट्रात एकही वंशावळ शिल्लक राहायची नाही.

रामराजे १७७७ पर्यंत नावाचे छत्रपती राहिले. त्यांनी वावीच्या भोसल्यांचा मुलगा दत्तक घेतला, तेच धाकटे शाहू. पुढे १८४८ साली इंग्रजांनी दत्तक नामंजूर करून साताऱ्याचं राज्यच खालसा केलं. मी कागदावर रामराजांना शिवाजींच्या खाली लिहितो. पेन्सिलीने.