पाणबुडीला वाळू कुणी लावली?

पाणबुडीच्या घर्षणावरचे पेपर वाचायला घेतलेत की एक विचित्र राशी भेटते: 'समतुल्य वाळूकण उंची'. पाणबुडीचा आणि वाळूचा काय संबंध?

सुरुवात विल्यम फ्रूडपासून. 1872 च्या सुमारास इंग्लंडमधल्या टॉर्कीला त्याने लांबलचक टाकीत फळ्या ओढल्या. काहींना वार्निश, काहींना वाळू, काहींना कॅलिको (कालिकतवरून नाव पडलेलं तेच सुती कापड). कॅलिकोच्या फळीला वार्निशच्या जवळपास दुप्पट जोर लागला. नुसत्या कापडाने!

पण वाळूचं माप पक्कं केलं ते योहान निकुराड्झेने, जर्मनीत ग्योटिंगेनला. चाळून एकाच आकाराचे कण घ्यायचे, पाइपच्या आतून चिकटवायचे आणि पाणी सोडायचं. 1933 साली छापलेले त्याचे आलेख एकदा स्वतः काढून बघाच. प्रवाह टर्ब्युलंट असला तरी भिंतीलगत एक अतिशय पातळ थर असतो, तिथे पाण्याच्या चिकटपणाचं राज्य. वेग कमी असेल तर कण त्या थरात बुडून जातात आणि वाळू लावलेला पाइप चक्क गुळगुळीत पाइपसारखा वागतो. वेग वाढला की थर आणखी पातळ होतो, कण डोकं वर काढतात. मग घर्षण-गुणांक रेनॉल्ड्स अंकाला विचारतही नाही. म्हणजे पृष्ठभाग खडबडीत आहे की नाही, हे प्रवाहच ठरवतो.

गोची पुढे आहे. खरा पृष्ठभाग इतका एकसारखा नसतोच. घाणेवाडी तलावाचं पाणी नवीन जालन्यात उताराने येतं. अशा योजनेत पाइपला आतून गंज, क्षार धरले की पाणीच कमी पोचणार. माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'कलवरी' 2017 साली नौदलात आली. अशी पाणबुडी बंदरात उभी राहिली की अंगावर शेवाळ आणि बार्नेकल बसू लागतात. ते बसू नयेत अशा रंगांवर अंबरनाथला डीआरडीओच्या नेव्हल मटेरियल्स रिसर्च लॅबोरेटरीत काम चालतं.

अशा ओबडधोबड पृष्ठभागांसाठी श्लिश्टिंगने 1936 मध्ये तोड काढली: हा पृष्ठभाग किती मोठ्या वाळूइतकं घर्षण देतो, तेवढं सांगा. सोयीचं आहे, पण ती उंची पट्टीने मोजलेली नसते, घर्षणाच्या प्रयोगातूनच उलटी काढलेली असते. बार्नेकलची उंची तीच, पण दाटी बदलली की 'वाळू' बदलते. त्यामुळे पेपरमध्ये हा आकडा दिसला की तो लेखकाने स्वतःच्या प्रयोगातून काढलाय की कुणाच्या तक्त्यातून उचललाय, हे मी सगळ्यात आधी शोधतो.