कॅस्पिर
कॅस्पिर ही एक उंच चिलखती गाडी. १९७०च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेने अंगोला-नामिबिया सीमेवरच्या सुरुंगांपासून बचावासाठी ती घडवली. सारी करामत तळाची: पोलादी पत्रा इंग्रजी ‘व्ही’सारखा निमुळता, त्यामुळे स्फोटाचा दाब सरळ वर न घुसता दोन्ही बाजूंना फाकतो. चाकाखाली २१ किलो, तळाखाली १४ किलो टीएनटीइतका स्फोट सोसावा, असा हिशेब होता. चाक उडाले तर तिथल्या तिथे बदलता येई. पट्टा बांधायचा आळस मात्र महागात पडे, कारण गाडी उसळली की माणूस आतच आपटे. पुढे वर्णभेदी सरकारने हीच गाडी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत फिरवली. भारतीय लष्कराकडेही कॅस्पिर आहेत.